टोलनाक्यावरची रांग : समांतर विनंत्या आणि ‘बेस क्लास’चा इतिहास



आजच्या व्याख्यानाचं शीर्षक वाचून काही श्रोत्यांना वाटलं असेल, की हा विषय संगणकाच्या माणसांचा, तत्त्वज्ञानवाल्यांनी यात कशाला लक्ष घालावं? आमचं उत्तर साधं आहे. एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात म्हणजे नेमकं काय घडतं, आणि अनेक व्यक्तींमध्ये जे समान असतं ते कुठे असतं, हे दोन्ही प्रश्न तत्त्वज्ञानाचे जुने प्रश्न आहेत. प्रोग्रामिंगच्या एका साध्यासुध्या वस्तूत हे दोन्ही एकत्र आले. ती वस्तू म्हणजे वेबवरच्या अनेक विनंत्या एकदम हाताळण्यासाठी लायब्ररीत लिहून ठेवलेला ‘बेस क्लास’. तिचा इतिहास आज आपण बघू.

आधी अडचण काय आहे ती समजून घेऊ. तुमच्या प्रोग्रामला वीस ठिकाणांहून माहिती आणायची आहे, आणि ती सगळी ठिकाणं न्यूयॉर्कमध्ये आहेत असं समजा. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळं अगदी सुरळीत झालं तरी जाऊन यायला एक अष्टमांश सेकंद लागणार. आपल्याला तो डोळ्याच्या पापणीइतका वाटतो. पण तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात साडेसदतीस कोटी ठोके पडतात. या साडेसदतीस कोटी ठोक्यांत तो काय करतो? काही नाही. वाट बघतो. पहिलं उत्तर आलं की दुसरी विनंती, ते आलं की तिसरी, असं केलं तर विसांना अडीच सेकंद लागतात, आणि त्यातला जवळजवळ सगळा वेळ नुसता थांबण्यात जातो. विसाही विनंत्या एकदम पाठवल्या तर वाट एकदाच बघावी लागते.

इथे एक भेद पक्का करून घेऊ, तो पुढे सतत लागणार आहे. घरात एक बाई स्वयंपाक करते आहे. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, आणि हातात कोशिंबिरीची काकडी. तीन कामं एकदम चालली आहेत असं आपण म्हणतो. पण हात दोनच आहेत आणि लक्ष एका वेळी एकीकडेच आहे. एकदम चाललं आहे ते शिजणं. कुकरची शिट्टी झाली की ती तिकडे वळते. आता दुसरं घर घ्या, तिथे तीन माणसं तीन कामं करताहेत. या दोन घरांत फरक आहे. पहिल्याला आपण ‘समवर्ती’ म्हणू, दुसऱ्याला खऱ्या अर्थानं ‘समांतर’. वेबच्या विनंत्यांना लोक सर्रास समांतर म्हणतात; पण तिथे बहुतेक वेळा जे समांतर असतं ते थांबणं असतं, करणं नव्हे.

आता ‘बेस क्लास’. क्लास म्हटलं की आपल्याकडे शिकवणी आठवते, ती बाजूला ठेवा. इथे क्लास म्हणजे वर्ग, जाती. आपल्या वैशेषिकांनी पदार्थांमध्ये ‘सामान्य’ नावाचा एक पदार्थ मानला. अनेक गायींमध्ये जे एकच गोत्व राहतं, ते सामान्य. प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही असंच काहीतरी हवं असतं. अनेक वस्तूंत जे समान आहे ते एकदाच लिहायचं, आणि प्रत्येकीचं वेगळेपण तेवढं त्या त्या जागी. जिथे समान भाग लिहिला तो बेस क्लास, आणि त्याच्यापासून वारसा घेणारे ते उपवर्ग. एक मात्र लक्षात असू द्या. वैशेषिकांचं सामान्य नित्य आहे, त्याला कोणी घडवत नाही. प्रोग्रामातलं सामान्य कोणीतरी एका दिवशी बसून लिहिलेलं असतं, आणि ते मोडीतही निघू शकतं.

ते पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलं? ओस्लोला, नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे दोघं तिथे ‘सिम्युला’ नावाची भाषा घडवत होते. न्यूगार्ड यांचा पिंड संक्रियात्मक संशोधनाचा. कारखान्यात, बंदरात, काउंटरवर रांगा कशा लागतात, कुठे तुंबतात, याची प्रतिकृती संगणकावर चालवून बघायची, हा त्यांचा उद्योग. १९६६ च्या अखेरीस ते दोघं एका उदाहरणावर अडले होते. पूल आहे, पुलावर टोलनाका आहे, आणि नाक्यावर वाहनांची रांग आहे. रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. ट्रक वेगळा, बस वेगळी. पण रांगेत उभं राहणं, पुढच्याच्या मागे असणं, मागच्याच्या पुढे असणं हे दोघांचं सारखंच. मग रांगेत असण्याचे नियम ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा कशाला लिहायचे? त्यांनी ‘रांगेतला दुवा’ नावाचा एक वर्ग केला आणि ट्रक व बस यांच्या व्याख्येपुढे तो उपसर्गासारखा जोडून दिला. संस्कृतात धातूच्या आधी उपसर्ग लागतो, तसा. सिम्युलात त्याला नावही तेच होतं, ‘प्रिफिक्स’. आज ज्याला इनहेरिटन्स म्हणतात, वारसा म्हणतात, तो इथून निघाला.

‘बेस क्लास’ हा शब्द पुढे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस भाषेत रूढ केला. उपवर्ग आणि अधिवर्ग यांतला वरचा कोणता नि खालचा कोणता यात लोकांचा गोंधळ उडतो, म्हणून त्यांनी पायाचा वर्ग आणि त्यापासून साधलेला वर्ग, अशी नावं घेतली.

पण टोलनाक्याकडे पुन्हा बघा. पाठ्यपुस्तकांत वारशाचं उदाहरण म्हणून प्राणी, कुत्रा, मांजर असं काहीतरी देतात, आणि त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की ही प्राणिशास्त्राची वर्गवारी आहे. इतिहास वेगळंच सांगतो. पहिल्या बेस क्लासमध्ये जे सामान्य म्हणून वेगळं काढलं, ते होतं वाट बघणं. ट्रकला बसशी जोडणारी एकच गोष्ट होती, दोघंही खोळंबले होते.

सिम्युलात आणखी एक गोष्ट होती. त्यातल्या ‘प्रोसेस’ या वर्गापासून वारसा घेतला, की तुम्ही एका ग्राहकाची गोष्ट सरळ लिहू शकत होता. तो आला, रांगेत उभा राहिला, इथे पाच मिनिटं थांबला, मग पैसे दिले, मग गेला. ‘थांब’ म्हटलं की त्याची गोष्ट तिथे गोठते आणि यंत्र दुसऱ्या ग्राहकाकडे वळतं. वेळ झाली की पहिल्याची गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे चालू. अशा थांबत-थांबत चालणाऱ्या प्रक्रियेला ‘कोरुटीन’ म्हणतात. हा शब्द मेल्विन कॉनवे यांचा, १९६३ साली त्यांनी तो छापून मांडला. डाल आणि न्यूगार्ड स्वतः या व्यवस्थेला समांतर म्हणत नसत. ते ‘क्वासी-पॅरलल’ म्हणत, म्हणजे समांतरासारखी. शब्द किती जपून वापरला आहे बघा.

म्हणजे १९६७ च्या एकाच भाषेत दोन्ही होतं. समान भाग एकत्र ठेवणारा बेस क्लास, आणि थांबून पुन्हा चालू होणारी गोष्ट. पुढे या दोन भावंडांची ताटातूट झाली. वारसा जगभर गेला. कोरुटीन मागे पडली.

आता वेबच्या काळात येऊ. मधली एक पायरी सांगतो. १९८३ मध्ये बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत ‘सिलेक्ट’ नावाची सोय आली. प्रोग्रामनं यंत्रणेला विचारायचं, या इतक्या जोडण्यांपैकी कोणाकडे काही आलं आहे का? ज्याची शिट्टी झाली त्याच्याकडे वळायचं. एक स्वयंपाकी, अनेक शेगड्या.

या सोयीवर पायथन भाषेत एक बेस क्लास उभा राहिला. सॅम रशिंग यांनी लिहिलेला ‘एसिंककोअर’; त्या फाइलीच्या माथ्यावर हक्काचं वर्ष १९९६ आहे. त्यात ‘डिस्पॅचर’ नावाचा वर्ग. तुम्ही त्याच्यापासून वारसा घ्यायचा आणि काही रिकाम्या जागा भरायच्या: जोडणी झाली तर काय करायचं, काही वाचायला आलं तर काय, लिहायला वाव झाला तर काय, समोरच्यानं बंद केलं तर काय. जागा भरली नाहीत तर मूळ वर्ग काय करतो? तो नोंदवहीत एक सूचना लिहितो, की अमुक घटना कोणी हाताळली नाही. बस. अशा वर्गाची वीस अपत्यं केली आणि एक चक्र फिरवलं, की विसाही विनंत्या एकाच धाग्यावर चालू लागत.

इथे आमच्या न्यायदर्शनातला एक वाद अगदी चपखल बसतो. नैयायिकांचं म्हणणं, मन अणुपरिमाण आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत. यावर शंका येते: चकलीसारखी लांब कुरकुरीत शष्कुली खाताना रूप, वास, चव, स्पर्श आणि कुडुम असा आवाज, सगळं एकदमच कळतं की! नैयायिक म्हणतात, तसं वाटतं एवढंच. कोलीत गरगर फिरवलं की आगीचं अखंड वर्तुळ दिसतं, पण कोलीत त्या त्या क्षणी एकाच जागी असतं. कमळाच्या शंभर पाकळ्या एकीवर एक ठेवून सुई आरपार घातली तर शंभर एकदम भेदल्या असं वाटतं. खरं तर एकीनंतर एक. वेग जास्त म्हणून क्रम कळत नाही. सांख्यांना हे सरसकट मान्य नाही. व्यापार एकदमही होतो आणि क्रमानंही होतो, असं ते म्हणतात. आम्ही असा दावा करत नाही की नैयायिकांना इव्हेंट लूप ठाऊक होती. पण जो माणूस एसिंककोअरचं चक्र पहिल्यांदा बघतो त्याला अलातचक्राची कल्पना उपयोगी पडते. चक्र एकच आहे, ते एका क्षणी एकाच जोडणीपाशी आहे, आणि वेगामुळे वीस कामं एकदम चालल्याचा भास होतो. म्हणूनच त्या चक्रात एखादं अपत्य जड गणित करत बसलं, तर उरलेली एकोणीस खोळंबतात. कोलीत हातात धरून ठेवलं की वर्तुळ मोडतं.

या रचनेनं काम वेगात झालं, पण किंमत मोजावी लागली. सिम्युलातला ग्राहक आपली गोष्ट आपल्या क्रमानं सांगत होता. इथे गोष्टीचे तुकडे झाले. वाचण्याचा तुकडा एका जागी, लिहिण्याचा दुसऱ्या, शेवटाचा तिसऱ्या. आणि त्यांना कधी हाक मारायची हे मूळ वर्ग ठरवणार. सामान्यतः आपण लायब्ररीला हाक मारतो. इथे लायब्ररी आपल्याला हाक मारते. प्रोग्राम वाचणाऱ्याला कळेना, की या विनंतीची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे.

दुसरा मार्ग असा. विनंती पाठवल्यावर उत्तराऐवजी एक पावती घ्यायची, लाँड्रीत कपडे देऊन चिठ्ठी घेतो तशी. ही कल्पना सत्तरच्या दशकातली; बेकर आणि ह्यूइट यांनी १९७७ मध्ये ‘फ्यूचर’ हा शब्द वापरला. २००४ च्या जावा ५ मध्ये ती पद्धतशीर आली, आणि तिचा आदर्श समोर ठेवून ब्रायन क्विनलन यांनी पायथनसाठी प्रस्ताव लिहिला. २०११ च्या ३.२ आवृत्तीत ‘एक्झिक्युटर’ हा बेस क्लास दाखल झाला.

या वर्गाची ठेवण बघण्यासारखी आहे. त्यात ‘सबमिट’ नावाचं एक काम आहे, पण मूळ वर्गात ते कोरं आहे. विचाराल तर ‘हे अजून लिहिलेलं नाही’ अशी चूक दाखवून तो मोकळा होतो. आणि ‘मॅप’ नावाचं दुसरं काम, म्हणजे पूर्ण यादीवर एकच क्रिया करणं, ते मात्र मूळ वर्गातच लिहिलेलं आहे आणि ते सबमिटच्या भरवशावर चालतं. म्हणजे जे अजून कोणी केलेलं नाही, त्याच्यावर विसंबून पुढचं सगळं सांगून ठेवलं आहे! मग अपत्यं ती जागा आपापल्या परीनं भरतात. एक थ्रेड वापरतं, दुसरं स्वतंत्र प्रोसेस. सामान्य ही इथे एक अपेक्षा आहे, वारसानं पूर्ण करायची.

पायथनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत या वर्गाचं उदाहरण वेबच्या विनंत्यांचंच आहे. पाच पत्ते, पाच कामकरी, प्रत्येकाला साठ सेकंदांची मुदत. आणि त्या पाचांत एक पत्ता मुद्दाम अस्तित्वात नसलेला घातला आहे. हे आम्हांला फार आवडतं. कारण समांतर कामात खरा प्रश्न तिथे आहे. चार उत्तरं आली, पाचवं फसलं, तर ते कळतं कोणाला? फ्यूचर ही पावती अपयशही जपून ठेवते. तुम्ही पावती घेऊन उत्तर मागायला गेलात की तेव्हा ती चूक तुमच्यापुढे येते. पण तुम्ही गेलाच नाहीत तर? एक्झिक्युटरच्या पावतीच्या बाबतीत मग काहीही होत नाही. काम फसलेलं असतं आणि कोणीच ओरडत नाही. एकामागून एक चालणाऱ्या साध्या प्रोग्रामात पहिली चूकच सगळं थांबवते. तो खडखडाट त्रासदायक असला तरी प्रामाणिक असतो. समांतर व्यवस्थेत, न विचारलेलं अपयश आणि यश बाहेरून सारखंच दिसतं.

पुढची वाटचाल थोडक्यात. २०१४ च्या ३.४ आवृत्तीत ‘एसिंकआयओ’ आलं, आणि २०१५ च्या ३.५ मध्ये ‘अवेट’ हा शब्द आला. सी शार्प भाषेत तो आधीच होता. त्यानं तुकड्यांची गोष्ट पुन्हा सलग झाली: विनंती पाठव, इथे थांब, आलेलं वाच, पुढे जा. तुम्हांला सिम्युलातला ग्राहक आठवला असेल. बरोबर आहे, हीच ती कोरुटीन, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर घरी परतलेली. आणि २०२२ च्या ३.११ आवृत्तीत ‘टास्कग्रुप’ आला. त्याचा नियम घरातल्या मोठ्या माणसासारखा आहे: बरोबर गेलेले सगळे परतल्याशिवाय दार लावायचं नाही, आणि एक संकटात सापडला तर बाकीच्यांना परत बोलवायचं, नि झालं काय ते सांगायचं. न विचारलेल्या अपयशाला दिलेलं हे उत्तर आहे.

जुना एसिंककोअर मात्र २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत पायथनमधून काढून टाकला गेला. सूचना कित्येक वर्षं आधी दिलेली होती. तरी ज्यांनी त्याचा वारसा घेतला होता, त्यांना नवं घर शोधावं लागलं.

आतापर्यंत आपण फक्त विचारणाऱ्याच्या बाजूनं बोललो. पलीकडच्या बाजूला कोण आहे? विसाही विनंत्या एकाच लहान सर्व्हरवर गेल्या तर आपला वेळ वाचतो आणि तिथे रांग लागते. आपली वाट बघणं संपलेलं नसतं, ते आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेलं असतं. हा प्रश्न वेबच्या कर्त्यांना लवकर जाणवला होता. १९९९ च्या आरएफसी २६१६ या दस्तऐवजात सांगितलं होतं, की एका वापरकर्त्याच्या प्रोग्रामनं एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत. काही वर्षं ब्राउझरांनी ते बऱ्यापैकी पाळलं; २००८-०९ च्या सुमारास प्रमुख ब्राउझर सहावर गेले. २०१४ च्या आरएफसी ७२३० नं आकडाच काढून टाकला आणि म्हटलं, संयमानं वागा. नियमाची जागा सदाचारानं घेतली.

मग आकडा गेला कुठे? तो बेस क्लासांत आणि त्यांच्या पूर्वनिर्धारित सेटिंगांत जाऊन बसला. वेबवरून माहिती गोळा करण्यासाठी ‘स्क्रेपी’ नावाची प्रसिद्ध लायब्ररी आहे. तुम्ही तिच्या ‘स्पायडर’ या बेस क्लासपासून वारसा घेता, चार ओळी लिहिता. तुमच्या चार ओळींत कुठेही आकडा नसतो. पण तिच्या मूळ व्यवस्थेत लिहिलेलं आहे: एकूण सोळा विनंत्या एकदम, आणि एका डोमेनवर आठ. ते आठ बदलून सोळा करायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला पलीकडच्या सर्व्हरची धाप ऐकू येत नाही.

आपल्याकडे जमिनीचा वारसा घेताना शहाणी माणसं सातबारा नीट वाचतात. नुसतं क्षेत्र किती ते बघून भागत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा बोजा आहे, कोणाची वहिवाट आहे, तेही बघावं लागतं. बेस क्लासचा वारसाही तसाच वाचायला हवा. तीन प्रश्न विचारायचे. माझं थांबणं यानं कुठे ठेवलं आहे? माझ्या एखाद्या विनंतीचं अपयश यानं कोणाला सांगायचं ठरवलं आहे? आणि माझ्या घाईचा भार हा कोणाच्या दारात नेऊन टाकतो आहे? ही उत्तरं कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात. आपण ती न वाचता स्वीकारली तरी ती आपलीच होतात, कारण पलीकडच्या सर्व्हरला विनंती आपल्या नावानं जाते, लायब्ररीच्या नव्हे.

ओस्लोच्या त्या दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतरानं, दोघंही गेले. न्यूगार्ड यांनी सत्तरच्या दशकात नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यात येणाऱ्या संगणक व्यवस्थेबद्दल कामगारांना प्रश्न विचारता यावेत, म्हणून. ज्यांच्यावर व्यवस्थेचा भार पडतो त्यांनाही ती कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. टोलनाक्यावरच्या रांगेकडे बघतानाही आपण तोच धरून चालायला हरकत नाही.

इथे थांबू. ‘सामान्य’ खरं असतं की नुसतं नाव असतं, हा बौद्ध आणि नैयायिकांमधला वाद आज आपण मुद्दाम टाळला. कोणाला त्याविषयी विचारायचं असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर घेऊ.